वाढत्या अंगाची सायकल

प्रस्तुत लेखिकेचा आणि टेपकाकांचा परिचय एका पाटीमुळे झाला. लेखिका शिकत असलेला प्रौढ साक्षरता वर्ग ज्या खोलीत भरतो, तिच्या बरोबर खाली त्यांचे शिवणकामाचे दुकान आहे. अक्षरे जुळवून वाचता येऊ लागल्यावर कोणाच्याही मदतीशिवाय वाचलेली पहिली पाटी त्याच दुकानाची होय: ‘कपडे मापानुसार शिवून मिळतील. घाई करू नये.’ ती पाटी रस्त्यात उभे राहून मोठ्याने वाचली जात असताना आतून एक गृहस्थ बाहेर आले आणि म्हणाले, “बाई, मी घाई करतच नाही. आत या. काय शिवायचंय?” वास्तविक काहीच शिवायचे नव्हते. परंतु तसे सांगण्यास संकोच वाटल्यामुळे एक पिशवी शिवायला टाकण्यात आली, आणि तेव्हापासूनचा हा परिचय आहे. पुढील हकिकत टेपकाका, त्यांच्या पत्नी आणि त्यांचे मेहुणे या तिघांच्या तोंडून वेळोवेळी ऐकलेली आहे. तिघांच्या सांगण्यात जेथे फरक पडला, तेथे पत्नीचे म्हणणे ग्राह्य धरले आहे.

टेपकाकांना टेपकाका म्हणण्याचे कारण कोणालाही विचारावे लागत नसे. त्यांच्या गळ्यात माप घेण्याची टेप सदैव असे. ती जेवताना असे, फिरायला जाताना असे, आणि एकदा तर दवाखान्यात छातीचा फोटो काढतानाही होती, त्यामुळे तो फोटो पुन्हा काढावा लागला. अंगाने ते बारीक व उंचीने बेताचे होते. समोरच्या माणसाचे बोलणे ते लक्षपूर्वक ऐकत आहेत असे वाटे, पण पुष्कळदा ते त्याच्या बाह्या पाहत असत.

शिंपी म्हणून त्यांचा एक ठाम नियम होता. कोणताही कपडा अंगाच्या मापाला नेमका शिवायचा नाही. शिवणीच्या आत थोडे जास्तीचे कापड दुमडून ठेवायचे, म्हणजे माणूस सुटला, वाढला, तर कपडा उसवून सैल करता येतो. लहान मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतात हे सर्वांस ठाऊक आहे. टेपकाका सत्तरीच्या माणसाचेही वाढत्या अंगाचे शिवत.

“अहो, मी आता कुठं वाढणार?” असे एखाद्याने म्हटले, तर ते गंभीरपणे उत्तर देत, “ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही माहीत नाही. कापड मात्र तयार असलेलं बरं.”

दुकान आणि संसार यांव्यतिरिक्त टेपकाकांना तिसरे एकच वेड होते, ते म्हणजे त्यांची लांब पल्ल्याची सायकल. ती त्यांनी लग्नाच्या आधी घेतलेली होती. तिला गिअर होते, पुढे व मागे कॅरिअर होते, आणि कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना टेपकाकांनी स्वतः शिवलेल्या जाड कापडाच्या पिशव्या होत्या. या सायकलवरून ते दरवर्षी टेकड्या ओलांडून थोरल्या बहिणीच्या गावी जात. बहिणीला ते आक्का म्हणत. आक्का त्यांच्यापेक्षा बरीच मोठी होती. भाऊ घामाघूम होऊन दारात आला की ती समाधानाने म्हणे, “आलास? सायकलवरूनच ना? मग मी काही अजून म्हातारी झाले नाही.” धाकटा भाऊ सायकल मारत असताना थोरली बहीण म्हातारी असूच शकत नाही, असा तिचा हिशोब होता आणि तो खोडून काढण्याची कोणाची छाती नव्हती.

यंदा मात्र आक्का आजारी पडली. आजारातून उठली, पण खुर्चीतून उठेना. डॉक्टरांनी रोज फाटकापर्यंत चालायला सांगितले होते. ती चालत नसे. टेपकाकांनी फोन केला तेव्हा ती म्हणाली, “तू सायकलवरून ये, मी फाटकापर्यंत येते. बसने आलास तर मी आपली खुर्चीतच बरी. मग दोघंही म्हातारे झालो असं समजू आणि गप बसून राहू.”

टेपकाकांनी शब्द दिला. शब्द दिल्यानंतर त्याच आठवड्यात सायकल मोडली.

बाजाराच्या उतारावर फ्रेमचे दोन्ही दांडे जोडापाशी तुटले. सायकलचे दोन भाग झाले आणि काही क्षण दोन्ही भागांवर टेपकाका थोडे थोडे बसलेले होते. नंतर ते रस्त्यावर बसले. एका भाजीवाल्याच्या टेम्पोतून त्यांना घरी आणण्यात आले, तेव्हा त्यांच्या मांडीवर पुढचे चाक होते आणि कानामागे कोथिंबीर होती.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, दुकानातच खिडकीशी बसून बटणांची काजे करत असत. त्यांनी सुई खाली ठेवली, नवऱ्याला नखशिखांत पाहिले, हाडे शाबूत आहेत याची खात्री करून घेतली आणि मगच तोंड सोडले.

“आता पुरे झालं. आक्कांकडे दोघं बसनं जाऊ.”

“बसनं गेलो तर आक्का खुर्चीतून उठायची नाही.”

“आणि तुम्ही रस्त्यात पडलात तर तुम्हीच उठायचे नाही, त्याचं काय?”

“अगं, फक्त फ्रेम मोडलीय. बाकी सगळी सायकल ठणठणीत आहे. अस्तर फाटलं म्हणून कोट टाकून देतात का कोणी?”

“अहो, कोटच फाटलाय. अस्तर तेवढं राहिलंय तुमच्या मांडीवर.”

या वेळी काकूंचे धाकटे बंधू, म्हणजे टेपकाकांचे मेहुणे, तेथे उपस्थित होते. ते निवृत्त बसचालक असल्यामुळे बसविषयी कोणी नाक मुरडलेले त्यांना खपत नसे. ते म्हणाले, “दाजी, खिडकीजवळची जागा धरतो तुमच्यासाठी. टेकड्या बघत बघत जा. तिकडून सायकलवाले दिसतील, त्यांना हात करा.”

टेपकाकांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी तेथल्या तेथे जाहीर केले की ते नवीन फ्रेम करून आणतील आणि जुन्या सायकलचे सर्व भाग स्वतःच्या हाताने तिच्यावर चढवतील.

काकूंनी सुई पुन्हा हातात घेतली. “स्वतःच्या हातानं? मागं तुम्ही शिलाई मशीन खोललंत. जोडल्यावर तीन तुकडे उरले होते. तेव्हापासून ते मशीन शिट्टी मारतंय.”

“चालतंय ना पण?”

“मशीन कुठं उतारावरून जात नाही, म्हणून चालतंय. ऐका माझं. जुन्या सायकलवरचं सगळं नवीन फ्रेमवर चढलं पाहिजे. कोणाची मदत नाही. आणि शेवटी एक वायसरसुद्धा उरता कामा नये. उरला, तर मुकाट्यानं बस.”

“कबूल,” टेपकाका म्हणाले. मेहुणेही “कबूल” म्हणाले, जरी त्यांना कोणी विचारले नव्हते.

कोपऱ्यावर सायकलवाल्याचे दुकान आहे. त्याच्या ओळखीचा एक कारागीर माणसाच्या मापाप्रमाणे फ्रेम जोडून देत असे. सायकलवाला म्हणाला, “काका, पायाचं माप द्या. टाचेपासून वरपर्यंत, आतून. तेवढंच पाठवतो.”

माप या शब्दाने टेपकाकांना स्फुरण चढले. “ते तुम्ही घेऊ नका. तो माझा धंदा आहे,” असे म्हणून ते घरी गेले, भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि स्वतःचे माप स्वतः घेतले. माप अचूक होते. त्यानंतर जे घडले ते त्यांच्या डोक्याने केले नाही, हाताने केले. जन्मभराच्या सवयीप्रमाणे त्या हाताने अचूक मापात खालच्या दुमडीसाठी थोडी वाढ धरली, धुतल्यावर आटेल म्हणून आणखी थोडी धरली, आणि अंग सुटले तर असावी म्हणून वरून दोन बोटे टाकली. तो आकडा सायकलवाल्याकडे गेला व तेथून कारागिराकडे. कारागीर प्रामाणिक मनुष्य होता. त्याने तंतोतंत त्याच आकड्याची फ्रेम जोडली.

फ्रेम आली. ती गर्द हिरवी होती. टेपकाकांनी तिच्यावरून उलट्या हाताने बोटे फिरवली, उजेडात धरून पोत पाहिला आणि “माल चांगला आहे” असा निर्वाळा दिला. मग त्यांनी ती छताच्या त्या सळईला टांगली जेथे तयार कोट टांगत. टांगलेली वस्तू किती उंच आहे हे कळत नाही, ही गोष्ट त्या क्षणी कोणाच्याच ध्यानात आली नाही.

दुसऱ्या दिवशी खोलण्याचे काम सुरू झाले. टेपकाकांची पद्धत अशी होती की एकही भाग जमिनीवर ठेवायचा नाही. दुकानात कोट चढवून पाहण्यासाठी डोके व हात नसलेला एक पुतळा होता. त्यांनी जुन्या सायकलचे हँडल काढून पुतळ्याच्या खांद्यांवर बांधले, सीट काढून मानेवर बसवली, चेन गळ्यात घातली आणि दोन्ही ब्रेक कमरेला लटकावले. चाकांमधले बारीक छर्रे हरवू नयेत म्हणून पुसून बटणांच्या डब्यात ठेवले. हे सर्व पाहून त्यांना अतिशय व्यवस्थित वाटले.

त्याच दुपारी शेजारचे दंतवैद्य कोटाची ट्रायल द्यायला आले. दंतवैद्यांची नजर अधू होती आणि चष्मा ते केवळ दात पाहताना लावत. टेपकाका आतल्या खोलीत ग्रीसने माखलेले हात धूत होते. दंतवैद्यांनी पुतळ्यासमोर उभे राहून विचारले, “काय, कोट झाला का?” उत्तर आले नाही. “मी विचारतोय, झाला का?” तरी उत्तर नाही. मग ते खिडकीशी बसलेल्या काकूंकडे वळून दुखावलेल्या स्वरात म्हणाले, “आज रागावलेले दिसतात.”

“नाही हो,” काकू काजावरून नजर न हलवता म्हणाल्या, “त्यांचं अंग खोललंय आज.”

कोट तयारच होता, पण पुतळ्याच्या हँडलवर अडकवून ठेवला होता. दंतवैद्यांनी तो घातला, आरशात पाहिले आणि तक्रार केली की खांदे रुंद झालेत. टेपकाका हात पुसत बाहेर आले व म्हणाले, “रुंद नाहीत, वाढते आहेत.” दंतवैद्यांचे समाधान झाले. घरी गेल्यावर मात्र त्यांना आढळले की कोटाचे खालचे बटण बटण नसून टाक्यांच्या जाळीत घट्ट अडकवलेला एक छर्रा आहे. तो परत आला नसता तर प्रवास तेथेच संपला असता. काकूंनी तो छर्रा उसवून दिला खरा, पण देताना म्हणाल्या, “हा मोजत नाही. ही माझी चूक. डब्यात हात घातला, लागलं ते लावलं. पण डबा बटणांचा आहे, लक्षात ठेवा.”

खोलण्यातील सर्वांत बिकट प्रसंग डाव्या पेडलचा होता. उजवे पेडल पाना लावताच निघाले. डावे हटेना. टेपकाकांनी जोर लावला, फुंकर मारली, तेल सोडले, लाडीगोडीने बोलून पाहिले. पेडल अधिकाधिक घट्ट बसत गेले. दारात सायकलवाला येऊन उभा राहिला. त्याला सर्व काही दिसत होते. परंतु मदत करायची नाही ही अट साऱ्या गल्लीला माहीत झालेली असल्यामुळे तो फक्त उभा होता आणि त्याचा जीव तुटत होता.

टेपकाकांनी पाना पुन्हा त्याच दिशेने दाबला. सायकलवाला खोकला.

त्यांनी पाना काढून दुसऱ्या बाजूने लावला. खोकला थांबला.

त्यांनी पुन्हा पहिल्या दिशेकडे वळवला. सायकलवाल्याला असा काही ठसका लागला की मेहुण्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

“खोकला हीसुद्धा मदतच आहे,” काकू म्हणाल्या.

“काकू, धूळ आहे हो.”

“धूळ फक्त एकाच बाजूला फिरवल्यावर उडते होय? या आता, दुकान उघडं टाकून आलाय तुम्ही.”

सायकलवाला गेला, परंतु टेपकाकांच्या डोक्यात प्रकाश पडलेला होता. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. त्यांनी उलट फिरवले आणि पेडल विनातक्रार हातात आले. “डावखुरं निघालं,” ते प्रेमाने म्हणाले, आणि ते पेडल त्यांनी पुतळ्याच्या डाव्या बाजूलाच बांधले, म्हणजे त्याला परके वाटू नये.

जोडणीच्या वेळी तर टेपकाकांनी जे केले ते आजवर कोणत्याही सायकलच्या वाट्याला आले नसेल. शिंपी कपडा एकदम पक्का शिवत नाही. आधी कच्चे टाके घालतो, गिऱ्हाईकाच्या अंगावर चढवून पाहतो, मग मशीन मारतो. टेपकाकांनी नव्या फ्रेमवर प्रत्येक भाग खडूने खूण करून आधी पांढऱ्या दोऱ्याने बांधला. हँडल दोऱ्याने, सीट दोऱ्याने, मडगार्ड दोऱ्याने. पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यात ते चाकसुद्धा दोऱ्याने लटकत होते. पूर्ण सायकल कच्च्या टाक्यांवर उभी राहिली तेव्हा ते दोन पावले मागे सरकले, मान तिरकी केली आणि मागच्या मडगार्डाला एक टाचणी मारण्याचा प्रयत्न केला.

“दाजी,” मेहुणे म्हणाले, “हिला कॉलर लावणार आहात का?”

“मेहुणे, तुमच्या बसला जन्मात कधी ट्रायल मिळाली होती का? नाही ना? म्हणून ती कायम एका बाजूला कलायची.”

“बस माणसांच्या वजनानं कलायची!”

“माप चुकलं की माणसांना दोष देतात सगळे.”

यावर मेहुणे उठले. ते चहा प्यायला गेले.

ट्रायल मान्य झाल्यावर टेपकाकांनी एकेक दोरा कापला आणि त्या त्या जागी पाना फिरवला. चाके सरळ फिरू लागली. चेन दात्यांवरून सुळसुळत गेली. ब्रेकच्या तारा त्यांनी कात्रीत धरून ताणू पाहिल्या, पण काकू ओरडल्या, “माझी कात्री!” म्हणून पक्कड घ्यावी लागली. दुपार उलटेपर्यंत पुतळा पुन्हा पुतळा झाला होता आणि सायकल सायकल झाली होती. काकूंनी चष्मा लावला व तपासणी सुरू केली. त्यांनी बटणांचा डबा उलटा केला. खुर्चीखाली पाहिले. पुतळ्याचे खिसे पाहिले, जरी त्याला खिसे नव्हते. मग त्यांनी टेपकाकांना म्हटले, “मूठ उघडा.”

टेपकाकांची मूठ थोडी उशिराच उघडली. तळहातावर पितळेच्या दोन छोट्या पट्ट्या होत्या.

“ह्या कसल्या?”

“ब्रेकच्या तारा दांड्याला धरून ठेवायच्या पट्ट्या. नव्या फ्रेमला त्यासाठी कड्याच जोडलेल्या आहेत. म्हणून ह्यांना... म्हणजे ह्यांची गरज पडली नाही.”

“थोडक्यात, उरल्या.”

“उरल्या नाहीत. त्यांची गरज पडली नाही.”

“बस!” मेहुणे चहाचा कप घेऊन दारातूनच गरजले.

टेपकाकांचा चेहरा इतका उतरला की मेहुण्यांनाही कप खाली ठेवावासा वाटला. टेपकाकांना त्या वेळी सायकल दिसत नव्हती. त्यांना एक खुर्ची दिसत होती, तिच्यात बसलेली आक्का दिसत होती आणि समोर मोकळे फाटक दिसत होते. ते आत गेले. मग शिलाई मशीनची शिट्टी ऐकू येऊ लागली. बराच वेळ ती शिट्टी चालू होती.

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात सायकलची मागची पिशवी होती. पिशवीच्या झाकणावर दोन पितळी पट्ट्या चामड्याच्या तुकड्यांत बसवून शिवलेल्या होत्या आणि झाकण बंद करायचा पट्टा त्यांतून आत जात होता. त्यांनी पिशवी कॅरिअरला अडकवली व म्हणाले, “पिशवी जुन्या सायकलवर होती. नव्या सायकलवर आहे. पट्ट्या जुन्या सायकलवर होत्या. नव्या सायकलवर आहेत.”

“ही चलाखी आहे!” मेहुणे म्हणाले. “ताई, सांग की. ही चलाखी आहे.”

काकूंनी मेहुण्यांकडे लक्ष दिले नाही. त्या पिशवीजवळ गेल्या, चष्मा नाकावर खाली ओढून टाके पाहिले. पट्टा दोनदा आत घातला, दोनदा बाहेर काढला. जन्मभर काजे केल्यामुळे कोणती गोष्ट कोठून आत जाते व कोठून बाहेर येते याबाबतीत त्यांना फसवणे अशक्य होते.

“कोपऱ्यात दुहेरी टाका घातलाय,” त्या म्हणाल्या. “अडकत नाही कुठं.” मग चष्मा काढून त्या पुढे म्हणाल्या, “काही उरलेलं नाही. जा सायकलवरून.”

टेपकाका आनंदाने सायकल घेऊन रस्त्यावर गेले, एक पाय पलीकडे टाकायला उचलला आणि तो पाय दांड्याला लागून परत आला. त्यांनी पुन्हा उचलला. पुन्हा परत आला. तिसऱ्या खेपेला त्यांनी सायकल वाकडी करून कसाबसा पाय पलीकडे नेला व सायकल सरळ केली, आणि मग त्यांच्या तोंडून जो सूर निघाला तो ऐकून वरच्या वर्गात बाराखडी थांबली. मधला दांडा जेथे असायला हवा होता त्याच्या बराच वर होता. टेपकाका टाचा उचलून, श्वास रोखून, दोन्ही हात पसरून तसेच उभे राहिले.

“हलू नका,” काकू म्हणाल्या.

“हलत नाही,” ते बारीक आवाजात म्हणाले.

काकूंनी एका बाजूने व मेहुण्यांनी दुसऱ्या बाजूने धरून त्यांना सायकलवरून उचलून काढले. सायकलवाला धावत आला. त्याने कागद काढला, आकडा पाहिला, टेपकाकांकडे पाहिले, पुन्हा आकडा पाहिला. “काका, हे माप कोणाचं दिलंत?”

टेपकाकांच्या गळ्यातली टेप आपोआप त्यांच्या हातात आली. त्यांना सर्व उमगले. “माझंच,” ते म्हणाले. “थोडी वाढ धरली.”

“वाढ? ह्या वयात?”

“सवय हो. खालून दोन बोटं दुमडून...” असे म्हणता म्हणता ते थांबले. त्यांनी हिरव्या दांड्यावर हात ठेवला. आयुष्यात प्रथमच त्यांच्यापुढे अशी वस्तू उभी होती जी उसवता येत नव्हती.

सायकलवाला म्हणाला की दुसरी फ्रेम करून घेता येईल, पण ती यायला वेळ लागेल. आणि आक्काला तर येत्या रविवारी येतो म्हणून कळवलेले होते. सीट खाली केली. अगदी दांड्याला टेकेपर्यंत खाली केली. तरी टेपकाकांचे पाय पेडलला ओझरते लागत होते, बस्स.

“आता?” मेहुण्यांनी विचारले. त्यांच्या आवाजात बसचे नाव नव्हते. ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद केली पाहिजे.

टेपकाकांनी टेप पुन्हा गळ्यात घातली. मग म्हणाले, “कपडा मोठा झाला आणि लहान करता येत नसेल, तर काय करतात? आतला माणूस भरतात.” आणि ते दुकानात शिरले. कोटाच्या खांद्यांत घालायचे कापसाचे पॅड त्यांच्याकडे ढिगाने होते. त्यांतील काही पॅड एकावर एक रचून त्यांनी दोन्ही पेडलांवर जाड दोऱ्याने शिवून टाकले. सायकलच्या पेडलांना खांदे आले. दुकानाच्या पायरीवरून सीटवर बसल्यावर आता पाय पुरत होते. बसल्यावर सायकल अत्यंत देखणी चालत होती. अडचण केवळ बसण्याची व उतरण्याची होती.

यावर अशी योजना ठरली की काकू बसने पुढे जातील, आणि मेहुणे आपल्या टोपलीवाल्या सायकलवरून टेपकाकांच्या मागोमाग जातील. जेथे थांबायचे असेल तेथे उंच आधार शोधायचा, आणि तो नसेल तर मेहुण्यांनी उतरून दाजींना धरायचे. मेहुणे म्हणाले, “म्हणजे मी आयुष्यभर बस चालवली आणि शेवटी बसथांबा झालो.” तरीही ते गेले. पुलाच्या कठड्यावर, मैलाच्या दगडावर, एका शाळेच्या कुंपणावर आणि एकदा तर उभ्या असलेल्या मालमोटारीच्या फळीवर पाय टेकत टेपकाका टेकड्या ओलांडून गेले. मालमोटार मध्येच सुरू झाली. तो थोडा प्रवास सायकलने केला असे म्हणता येणार नाही, पण काकूंनी तो मान्य केला आहे.

आक्काच्या गावाच्या वेशीवर बसस्थानक आहे. तेथे मेहुण्यांना त्यांचा जुना सोबती भेटला आणि ते बोलत थांबले. टेपकाकांना थांबता येत नसल्यामुळे ते एकटेच पुढे गेले.

आक्काच्या गल्लीत त्यांनी वळण घेतले. दुरूनच त्यांना फाटक दिसले. फाटकाच्या आत, एका हाताने गज धरून आणि दुसऱ्या हाताने काकूंचा दंड धरून, आक्का उभी होती. तिची खुर्ची लांब मागे, दारापाशी राहिली होती.

“आलास?” आक्का म्हणाली. “सायकलवरूनच ना?”

“सायकलवरूनच!” असे ओरडून टेपकाका फाटकासमोरून पुढे निघून गेले.

गल्ली सपाट होती. तिला पायरी नव्हती, कट्टा नव्हता, दगड नव्हता. गल्लीच्या टोकाला वळसा घेऊन ते परत आले, फाटकासमोरून हसत गेले आणि दुसऱ्या टोकाला वळले.

“हा थांबत का नाही?” आक्काने विचारले. काकूंनी एकदा नवऱ्याकडे पाहिले, एकदा आक्काकडे पाहिले. आणि आपला दंड त्यांनी हळूच सोडवून घेतला.

टेपकाका तिसऱ्यांदा आले तेव्हा सायकल अगदी सावकाश, डुलत डुलत चालली होती. ते म्हणाले, “आक्का, फाटक उघड, दोन पावलं बाहेर ये आणि कॅरिअर धर. मला उतरायचंय.”